चित्रकार सैयद हैदर रझा : चरित्र, चित्रें व चित्रांच्या पाठीवरील लेख

या त्रैमासिकाच्या वाचकांस ताम्रपट, सनदा, बखरी व पोथ्या यांचा सहवास आहे. एकविसाव्या शतकांत निवर्तलेल्या एका चित्रकाराचें चरित्र येथें कां, असा प्रश्न त्यांच्या मनांत उद्भवणें साहजिक आहे. त्याचें उत्तर एका घटनेंत आहे. इ. स. २००९ च्या जानेवारींत दिल्लीच्या एका चित्रशाळेंत सैयद हैदर रझा यांच्या आरंभकाळच्या म्हणून समजल्या गेलेल्या चित्रांचें प्रदर्शन मांडलें होतें. उद्‍घाटनास स्वतः चित्रकारास पाचारण केलें होतें. त्या वेळीं त्यांचें वय शहाऐंशी वर्षांचें होतें. भिंतीवरील चित्रें पाहतां पाहतां, यांतील पुष्कळशीं आपल्या हातचीं नव्हेत, असें त्यांच्या ध्यानांत आलें, व तें प्रदर्शन गुंडाळावें लागलें.

कूटलेखांची छाननी करतां करतां ज्यांचे केस पिकले, त्यांच्याही वांट्यास असा प्रसंग आला नसेल. एखाद्या जुन्या पत्राच्या खरेपणाविषयीं वाद निघाला तर तें लिहिणारा कारकून साक्षीस येत नाहीं. आपण कागद पाहतों, मोडी अक्षराचें वळण पाहतों, शक व तिथि यांचा मेळ घालून पाहतों, आणि मग भीत भीत निर्णय देतों. येथें कर्ताच साक्षीस उभा राहिला. २३ जुलै २०१६ रोजीं तो साक्षीदारही गेला. त्यानंतर रझांच्या चित्रांचा निर्णय पोथीच्या निर्णयाप्रमाणेंच, म्हणजे चरित्राचा कालक्रम, हाताचें वळण, लेख व पत्रव्यवहार यांच्या आधारें करणें प्राप्त झालें आहे. हें प्रयोजन ध्यानीं धरून आम्ही त्यांचें चरित्र प्रथम क्रमानें देतों, व नंतर साधनांकडे वळतों.

रझांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजीं तत्कालीन मध्यप्रांतांत, मंडला जिल्ह्यांतील बाबरिया या गांवीं झाला. वडील सैयद मोहम्मद रझी हे वनखात्यांत नोकरीस होते. आईचें नांव ताहिरा बेगम. मंडला हें नांव आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं. गढा-मंडल्याचें गोंड राज्य, १७४२ सालीं बाळाजी बाजीराव पेशव्यांनीं तेथें केलेली स्वारी, व पुढें त्या बाजूस पोंचलेला नागपूरकर भोसल्यांचा अंमल हीं प्रकरणें त्यांच्या वाचनांतलीं आहेत. कागदपत्रांत ज्या अरण्याचा उल्लेख एका ओळींत उरकला जातो, तें अरण्य या मुलाचें घर होतें. रात्रीं तेथें काळोख आणि भय, दिवस उजाडला कीं धीर, बाजाराच्या दिवशीं उन्हांत रंगांची गर्दी, गोंडांचीं नृत्यें, आणि जवळून वाहणारी नर्मदा. काळोख व त्यांतून फुटणारा रंग हें द्वंद्व त्यांच्या चित्रांत अखेरपर्यंत टिकलें, आणि त्याचें मूळ या बालपणांत आहे असें ते स्वतःच सांगत.

ककैया येथील प्राथमिक शाळेंत नंदलाल झारिया नांवाचे गुरुजी होते. मुलगा चंचल, धड्याकडे लक्ष नाहीं. गुरुजींनीं एके दिवशीं भिंतीवर एक ठिपका काढला, आणि बाकीचें सारें विसरून याच्याकडे पाहत बैस, असें सांगितलें. ही गोष्ट रझांनीं उतारवयांत वारंवार सांगितली आहे. तिचा विचार पुढें करूं. आम्हीही शाळेंत उभी हयात घालविली आहे. तेव्हां येथें एवढेंच नोंदवून ठेवतों कीं, चंचल मुलास छडी न दाखवितां ठिपका दाखविणारा शिक्षक त्या काळीं विरळाच.

दमोह येथें माध्यमिक शिक्षण झाल्यावर १९३९ सालीं ते नागपुरास कलाशाळेंत दाखल झाले. तेथें बापूराव आठवले यांच्यापाशीं त्यांचे पहिले पद्धतशीर धडे झाले. म्हणजे महाराष्ट्रीय कलाशिक्षकांच्या परंपरेशीं त्यांचा संबंध मुंबईच्याही आधीं जुळलेला आहे. १९४३ सालीं ते मुंबईस आले. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेशीं त्यांचा संबंध १९४७ पर्यंत राहिला. पोटासाठीं एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओ या ठसे करणाऱ्या संस्थेंत ते नकशाकाराचें काम करीत. या काळचीं त्यांचीं चित्रें बहुतेक जलरंगांतलीं : मुंबईचे रस्ते, पाऊस, गर्दी, ओले रंग एकमेकांत मिसळलेले. मध्य युरोपांतून मुंबईस आलेले वॉल्टर लँगहॅमर व रूडी फॉन लायडन हे कलाभिज्ञ त्या वेळीं तरुण चित्रकारांचे मोठे आधार होते. त्यांची दृष्टि रझांकडे वळली. १९४८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस मिळालें.

१९४७ सालीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप या नांवानें जी चित्रकारांची मंडळी एकत्र आली, तीत आरंभीं सहा जण होते : फ्रान्सिस न्यूटन सूझा, कृष्णाजी हौळाजी आरा, मकबूल फिदा हुसेन, सदानंद बाकरे, हरि अंबादास गाडे आणि रझा. सूझा गोमंतकांतील साळगांवचे, हुसेन पंढरपुरांत जन्मलेले, बाकरे बडोद्याचे, गाडे अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचे. या मंडळीचें वर्णन करतांना तिच्यावरील पाश्चात्त्य संस्कारच पुढें मांडण्याचा प्रघात पडला आहे. तिच्यांतल्या कांहींची जन्मभूमि आमच्या भाषेच्या प्रदेशांत येते, हें मात्र आमच्याकडेच फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. मंडळीचें आयुष्य अल्प ठरलें. १९४९ सालीं मुंबईस तिचें प्रदर्शन झालें. त्याच वर्षीं सूझा लंडनला गेले, पुढील वर्षीं रझा पॅरिसला, आणि त्याच्याही पुढच्या वर्षीं बाकरे विलायतेस.

मधल्या काळांत रझांच्या घरावर एकामागून एक आघात झाले. १९४७ सालीं आई वारली, १९४८ सालीं वडील. देशाची फाळणी झाली आणि भावंडें पाकिस्तानांत गेलीं. रझा एकटे मागें राहिले. ज्या मातींत आपण वाढलों ती सोडावयाची नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. पुढें साठ वर्षें परदेशांत काढूनही त्यांनीं भारताचें नागरिकत्व सोडलें नाहीं, ही गोष्ट त्या निश्चयाशीं जोडून पाहण्यासारखी आहे.

१९४८ सालीं ते काश्मीरांत चित्रें काढीत असतां आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा सुप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार त्यांस श्रीनगरांत भेटला. त्यानें चित्रें पाहिलीं व स्पष्ट सांगितलें कीं, तुमच्यापाशीं बुद्धि आहे, पण चित्रांत बांधणी नाहीं. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. परक्याचा असा अभिप्राय कित्येकांस झोंबला असता. रझांनीं मुंबईस परत येऊन फ्रेंच भाषेचा अभ्यास आरंभिला, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ति मिळविली व १९५० सालीं पॅरिसच्या राष्ट्रीय कलाशाळेंत प्रवेश केला. तेथें ते १९५३ पर्यंत शिकत होते.

येथून त्यांच्या चित्रांत जो पालट झाला तो स्पष्ट दिसतो. मुंबईचे ओघळणारे जलरंग संपले. १९५१ सालच्या 'ओ द कान्य' या चित्रांत घरें चौकोनी दगडांप्रमाणें एकावर एक रचलेलीं आहेत, माणूस कोठेंही नाहीं, आणि रेषा जणुं कोरणीनें काढलेल्या. याच दशकाच्या आरंभींच्या कांहीं चित्रांत गांवावर एक काळें सूर्यबिंब टांगलेलें दिसतें. तें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. मग तैलरंग आले, व रंगाचा थर वाढत गेला. चित्राच्या नांवांत 'गांव', 'चर्च' हे शब्द असत; चित्रांत मात्र छप्पर कोठें संपलें व झाड कोठें लागलें हें सांगणें कठीण होत गेलें. १९५६ सालीं पॅरिसच्या कलासमीक्षकांचें पारितोषिक त्यांस मिळालें. फ्रेंच नसलेल्या चित्रकारास तें मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. १९५९ सालीं झानीन मोंजिया या फ्रेंच चित्रकर्त्रीशीं त्यांचा विवाह झाला, आणि पॅरिस हें कायमचें घर झालें. फ्रान्सच्या दक्षिणेकडील गोर्बियो नामक डोंगराळ खेड्यांतही ते राहत व काम करीत.

या मधल्या काळच्या चित्रांस अर्धामूर्त म्हणतात. 'अमूर्त' हा शब्द चित्रकलेच्या चर्चेंत हल्लीं फार सैल वापरला जातो. वैशेषिकांच्या मतें मूर्त म्हणजे मर्यादित परिमाण असलेलें द्रव्य. पृथ्वी, जल, तेज, वायु व मन हीं मूर्त; आकाशादि अमूर्त. या व्याख्येनें चौकटींत बसविलेलें कोणतेंही चित्र मूर्तच ठरेल! चित्रकारांचा अर्थ निराळा : डोळ्यांस ओळखतां येईल अशी वस्तु चित्रांत नसली कीं तें अमूर्त. रझांनीं वस्तूचें नांव ठेवलें, तिची आंच ठेवली, आणि तिचा आकार मात्र रंगांत विरघळूं दिला. पाहणारा त्या चित्रांत घर शोधतो. तें सांपडतें न सांपडतें तोंच हातून निसटतें. आमच्या मतें त्यांचें सर्वांत सकस काम याच काळांतलें आहे. पुढील भूमितीच्या चित्रांची कीर्ति अधिक झाली, हें खरें असलें तरीही.

१९६२ सालीं ते अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागांत अध्यापनास गेले. तेथें मार्क रॉथको प्रभृति अमेरिकन चित्रकारांचीं चित्रें त्यांनीं पाहिलीं, आणि रंग स्वतःच बोलूं शकतो याची खूण त्यांस पटली. पुढें तैलरंग मागें पडून जलमिश्र ॲक्रिलिक रंग त्यांच्या हातीं आले. हे रंग लौकर वाळतात. त्यामुळें कुंचल्याचा हात जलद चालतो. काळनिर्णयास हा भेद उपयोगी आहे. १९७१ चें 'जमीन', १९७२ चें 'तपोवन' या चित्रांत काळोखांतून लाल, नारिंगी व हिरवे रंग उसळून वर येतात. पॅरिसमध्यें बसून काढलेलीं हीं चित्रें मंडल्याच्या रात्रींचीं आहेत.

याच सुमारास चित्राच्या रचनेंत एक नवें अंग आलें, आणि पोथ्यांच्या संग्राहकांस तें तत्काळ ओळखूं येईल. चित्रपट कप्प्यांत विभागला गेला व त्याच्या भोंवतीं रुंद रंगीत पट्टी आली. 'राजस्थान', 'सौराष्ट्र' या नांवांचीं चित्रें या जातीचीं होत. मेवाड, माळवा, बसोहली येथील चित्रित पोथ्यांत लाल किंवा पिवळा हाशिया असतो, चित्राचे खण पाडलेले असतात, एका खणांत रात्र तर शेजारच्या खणांत दिवस असूं शकतो. तीच ही रीति. रझांनीं आकृति गाळल्या. नायिका नाहीं, कदंब नाहीं, मेघ नाहीं. खण, हाशिया व त्यांतील रंगांची तेढ तेवढी ठेविली. लहान पानावरची व्यवस्था त्यांनीं पुरुषभर उंचीच्या कापडावर नेली. हें अनुकरण म्हणतां येणार नाहीं, कारण मोठ्या मापावर हाशिया निराळेंच काम करतो : पोथींत तो चित्रास बंद करतो, येथें तो स्वतःच चित्राचा भाग होऊन आंतील आगीस धरून ठेवतो.

पोथीची आणखी एक रीति त्यांनीं उचलली. ती म्हणजे चित्रांत अक्षरें लिहिणें. माळवी व मेवाडी चित्रांत वरच्या बाजूस पिवळ्या पट्टींत पद्य लिहिलेलें असतें. रझांच्या चित्रांत देवनागरी ओळी येऊं लागल्या. यांतलें सर्वांत प्रसिद्ध चित्र १९८१ चें 'माँ'. त्यांतील ओळ हिंदी कवि अशोक वाजपेयी यांची आहे. परगांवीं गेलेल्या मुलानें मातेस केलेला तो एक प्रश्न आहे, कीं परत येतांना मी काय घेऊन येऊं. तीस वर्षें फ्रान्समध्यें काढलेल्या माणसानें ही ओळ निवडावी यांत विशेष तें कांहीं नाहीं. विशेष हें कीं, घरांत उर्दू, शाळेंत हिंदी, संसारांत फ्रेंच अशा तीन भाषा असतां चित्रपटावर लिहिण्यास त्यांनीं नागरी लिपि घेतली. अक्षर सुलेखनाचें नाहीं. शाळेंतल्या मुलानें पाटीवर काढावें तसें साधें, सुटें, शिरोरेषा ओढलेलें आहे. दरबारी नस्तालीकची ऐट आणण्याचा मोह त्यांनीं टाळला, हें आम्हांस फार आवडतें.

आतां बिंदु. रझांचें नांव व बिंदु हे इतके एकजीव झाले आहेत कीं, आरंभापासून ते बिंदूच काढीत होते असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मोठें काळें वर्तुळ त्यांच्या चित्रांत मध्यवर्ती होऊं लागलें, आणि १९८० नंतर तें स्थिर झालें. म्हणजे वयाची सुमारें पंचावन्न वर्षें उलटल्यावरचा हा प्रकार. त्यानंतरच्या चित्रांस 'अंकुरण', 'नाद बिंदु', 'पंचतत्त्व', 'तम शून्य', 'शांति बिंदु' अशीं नांवें आहेत, आणि त्यांत त्रिकोण, वर्तुळ, चौकोन व काळा, पांढरा, तांबडा, निळा, पिवळा हे पांच रंग मुख्य आहेत.

याच्या उत्पत्तीविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक मत शाळेंतल्या ठिपक्याचें, दुसरें तंत्रशास्त्राचें. दोहोंची छाननी करूं. ठिपक्याची कथा स्वतः रझांची आहे, म्हणून तिचा मान मोठा. परंतु ती घटनेनंतर अर्धें शतक लोटल्यावर, बिंदु हा विषय ठरल्यावर सांगितलेली आहे. बखरींच्या बाबतींत आपण जें तारतम्य ठेवतों तें येथेंही ठेवणें भाग आहे. उत्तरकालीन आठवण खोटी असते असें नाहीं. ती निवडलेली असते. बालपणाच्या हजार आठवणींतून पुढील आयुष्यास जी अर्थ देते ती वर येते. त्या कथेवरून गुरुजींनीं ठिपका काढला एवढें मानावें. त्या ठिपक्यापासून चित्रें निघालीं असें मानण्यास मधल्या चाळीस वर्षांचा पुरावा हवा. तो पुरावा चित्रांतच अंशतः आहे : १९५० च्या दशकांतलें तें काळें सूर्यबिंब. त्याला तेव्हां कोणी बिंदु म्हटलें नव्हतें. तें आकाशांत होतें, खालीं गांव होतें. पुढें गांव रंगांत विरघळलें, आकाशही विरघळलें, आणि बिंब तेवढें उरलें. आमच्या मतें बिंदूचा हा वंशवृक्ष डोळ्यांनीं तपासतां येतो, म्हणून तो अधिक विश्वसनीय.

दुसऱ्या मताविषयीं. अमरकोशांत बिंदु हा शब्द जलकणाचा वाचक आहे. लिपींत तो अनुस्वार. गणितांत तो शून्याची खूण : १८८१ सालीं बख्शाली गांवाजवळ सांपडलेल्या व पुढें ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत ठेविलेल्या भूर्जपत्रांच्या पोथींत शून्य ठिपक्यानें लिहिलेलें आहे, आणि सुबंधूच्या वासवदत्तेंत आकाशांतील तारकांस शून्यबिंदूंची उपमा दिलेली आहे. तंत्रांत त्याचा अर्थ आणखी सूक्ष्म होतो. लक्ष्मणदेशिकेंद्राच्या शारदातिलकांत सृष्टीचा क्रम सांगतांना शक्तीपासून नाद व नादापासून बिंदु असें म्हटलें आहे, आणि श्रीचक्राच्या मध्यास बिंदूचें स्थान आहे. हें सर्व रझांच्या चित्रांवर लादून मोठमोठे लेख लिहिले गेले आहेत. रझा स्वतः हे शब्द आदरानें वापरीत, वह्यांत संस्कृत, हिंदी, उर्दू व फ्रेंच वचनें उतरून ठेवीत, यांत संशय नाहीं. तथापि त्यांचीं चित्रें यंत्रें नव्हेत. यंत्रास विधि असतो, प्रमाण असतें, आवरणांची संख्या ठरलेली असते, आणि त्यांत एक त्रिकोण इकडचा तिकडे झाला तर तें निरुपयोगी होतें. रझांच्या चित्रांत त्रिकोणांची संख्या रंगांच्या गरजेनें बदलते. त्यांनीं शास्त्रापासून शब्द घेतला व आकार घेतला, प्रयोग घेतला नाहीं. संस्कृत जाणणाऱ्यांनीं या चित्रांत श्लोकांचा अर्थ शोधण्यापेक्षां, काळ्याशेजारीं पिवळा ठेवला असतां काळा किती खोल जातो हें पाहणें अधिक फलदायी होईल.

पुढील वर्षें कीर्तीचीं होतीं. १९८१ सालीं पद्मश्री, २००७ सालीं पद्मभूषण, २०१३ सालीं पद्मविभूषण हे सन्मान त्यांस मिळाले. २००१ सालीं त्यांनीं रझा फाउंडेशन ही संस्था स्थापिली. २००२ सालीं पत्नी निवर्तली. २०१० सालीं लंडनच्या लिलावांत 'सौराष्ट्र' हें १९८३ चें चित्र सोळा कोटी रुपयांहून अधिक किंमतीस विकलें गेलें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रझा फ्रान्समधील साठ वर्षांचा संसार आवरून दिल्लीस परतले. तेथें ते अखेरपर्यंत चित्रें काढीत होते. मृत्यूनंतर त्यांचा देह मंडल्यास नेण्यांत आला, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें वडिलांच्या कबरीजवळ दफन झालें. २०२३ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें.

किंमती चढल्या कीं कूटकर्मी जागे होतात. हा नियम सनदांस लागू आहे तसा चित्रांसही. आणि कूटकर्मी नेहमीं तोच काळ निवडतो ज्याचीं साधनें विरळ असतात. रझांच्या बाबतींत तो काळ म्हणजे १९५० पूर्वीचा, नागपूर व मुंबईचा. कागदावरचीं लहान जलरंगचित्रें, पुष्कळदां भेट दिलेलीं किंवा अल्प किंमतीस विकलेलीं, नोंद नसलेलीं. २००९ च्या प्रदर्शनांत आरंभकाळचींच म्हणून चित्रें मांडलीं होतीं, हें पुन्हां स्मरावें.

उलट, फ्रान्समधील चित्रांच्या बाबतींत रझांनीं स्वतःच संशोधकांची सोय करून ठेवली आहे. त्यांचीं चित्रें उलटून पाहावीं. पाठीवर सहसा मोठ्या रोमन अक्षरांत नांव, सन, चित्राचें नांव, पुष्कळदां मापें व रंगाचा प्रकार लिहिलेला असतो. १९६० च्या दशकाच्या सुमारास 'पी' या रोमन अक्षरापुढें अनुक्रमांक व सन अशी नोंदही सांपडते, म्हणजे ते आपल्या चित्रांचा क्रम राखीत असत. उत्तरकाळीं चित्राचें नांव देवनागरींतही लिहिलेलें आढळतें. पोथ्यांचा व्यवहार करणाऱ्यांस हें काय आहे तें सांगावयास नको. ही पुष्पिका आहे. भानुदत्ताच्या रसमंजरीच्या बसोहली येथील चित्रित प्रतीस पुष्पिका आहे, तींत देवीदास या चित्रकाराचें नांव व संवत् १७५२ हा काळ आहे. त्या एका पानाच्या आधारावर एका सबंध शैलीचा कालनिर्णय उभा आहे. शेंकडों चित्रकार नांव न ठेवतां गेले. रझांनीं सहसा चित्राच्या पाठीवर पुष्पिका लिहिली.

अर्थात् पुष्पिकाही खोटी लिहितां येते, आणि जुन्या पुष्पिकेची नवी नक्कल करणारे लेखनिक आपण पाहिले आहेतच. म्हणून पाठीवरचा लेख दुसऱ्या साधनांशीं ताडून पाहावा. सुदैवानें पत्रव्यवहार मोठा आहे. सूझा, हुसेन, पदमसी, कृष्ण खन्ना प्रभृति मित्रांचीं पत्रें रझांनीं जपून ठेवलीं होतीं. त्यांतलीं पुष्कळ २०१३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत कोणतें चित्र कोठें पाठविलें, कोणास विकलें, रंग कोणते मिळत नव्हते, भाडें कसें भागलें, असा बारीकसारीक मजकूर येतो. कलेविषयींच्या गंभीर विधानांपेक्षां हा मजकूर काळनिर्णयास अधिक कामाचा, हें दफ्तरें चाळणाऱ्यांस ठाऊक आहे. जुन्या प्रदर्शनांच्या सूची व त्या वेळच्या वृत्तपत्रांतील परीक्षणें हीं तिसरें साधन होत. नागपूर व मुंबई येथील ज्या घरांतून त्या काळच्या चित्रकारांचीं पत्रें, निमंत्रणपत्रिका किंवा वर्गांतलीं छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. १९५० पूर्वीच्या रझांचा निर्णय अशाच कागदांवर व्हावयाचा आहे.

नोंद करणाऱ्यांसाठीं एक सूचना. मराठींत आपण 'रझा' लिहितों, हिंदींत 'ज'खालीं नुक्ता देऊन लिहितात, आणि चित्रांवर बहुधा रोमन अक्षरें असतात. सूचींत तिन्ही रूपें दिल्याविना एकाच चित्राच्या दोन नोंदी होण्याचा संभव आहे. चित्राचें नांवही फ्रेंच, इंग्रजी व हिंदी अशा निरनिराळ्या रूपांत फिरतें. म्हणून पाठीवर जसें आहे तसेंच, चुकीसह, उतरून घ्यावें व अर्थ वेगळा द्यावा.

आणि दुसरी सूचना अधिक निकडीची. जुनें कापड कमजोर झालें म्हणजे दुरुस्ती करणारे त्याच्या पाठीस नवें अस्तर चिकटवितात. तसें केलें कीं पाठीवरचा लेख झांकला जातो. पोथीची नवी बांधणी करतांना कडा छाटून समासांतल्या टीपा गमावल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकास आठवतील. अस्तर लावण्यापूर्वीं पाठीचें छायाचित्र मापपट्टी ठेवून घ्यावें, लेख अक्षरशः उतरावा, जुन्या लाकडी चौकटीवरील चिठ्ठ्या व शिक्के फेंकून न देतां चित्राबरोबरच वेगळ्या पाकिटांत ठेवावे, आणि हें काम कोणी कोणत्या दिवशीं केलें तेंही तेथेंच लिहून ठेवावें.